होल्टर वाचणाऱ्या ताईंचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

होल्टरच्या, म्हणजे अंगावर लावून दिवस-रात्र ठोके नोंदवणाऱ्या ईसीजीच्या, पट्टीवर पहाटे तीनच्या सुमाराला सात-आठ ठोके भरभर पडून गेले की सॉफ्टवेअर 'एएफ' (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची म्हणजे एट्रियमची अनियमित थरथर) म्हणून मोकळं होतं. तुम्ही तो शिक्का तसाच पुढे पाठवत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही डिव्हायडर लावून ठोक्यांमधली अंतरं मोजता. ती जवळपास सारखी आणि प्रत्येक ठोक्याआधी नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराची पी-लहर (एट्रियमच्या आकुंचनाआधीची छोटी लहर) दिसली, तर तो एट्रियल टॅकीकार्डियाचा, म्हणजे एट्रियममधून निघालेल्या जलद ठोक्यांचा, छोटा रन (सलग माळ). अंतरं वेडीवाकडी आणि पी कुठेच नाही, तर एएफसारखा. पण 30 सेकंदांच्या आत थांबला तर एएफचं निदान होत नाही. पी बरेचदा आधीच्या ठोक्याच्या शेवटी येणाऱ्या टी-लहरीत दडते. त्या टीवर आलेलं बारीकसं टेंगूळ तुम्ही आदल्या टीशी ताडून पाहता, ते सॉफ्टवेअरला जमत नाही. दात घासतानाची थरथरही तुम्हाला फसवत नाही: दुसऱ्या चॅनलमध्ये क्यूआरएस (ठोक्याची उंच टोकदार लहर) आपल्या चालीने चाललेले असतात, आणि पेशंटच्या डायरीत वेळ जुळते.

छोट्या रनचा धोका किती, हे आकड्यावर ठरतं. तासाला 30 किंवा जास्त एट्रियल एक्टोपिक (एट्रियममधून वेळेआधी पडणारे ठोके), किंवा सलग 20 किंवा जास्त अशा ठोक्यांचा रन, एवढं सापडलेल्यांमध्ये पुढे एएफ आणि पक्षाघात दोन्ही जास्त दिसले, असं कोपनहेगनच्या होल्टर अभ्यासाने 2010 मध्ये दाखवलं. एएफची ठिणगी बहुधा फुप्फुसशिरांच्या तोंडाशी पडते, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मांडलं. डावं एट्रियम रक्तदाबाने, झोपेतल्या श्वासरोधाने किंवा वयाने ताणलेलं, चट्टे पडलेलं असेल तर ती ठिणगी पेट घेते. म्हणून 'अधूनमधून एक्टोपी' एवढ्या शेऱ्याचा उपयोग शून्य. तुम्ही तासाचा सरासरी आकडा, सर्वांत लांब रन, त्याचा वेग आणि मूळ पट्टी देता.

त्यावरच पुढचं ठरतं: इको, थायरॉइड, रक्तदाब, घोरण्याची चौकशी, दारू किती, आणि गरज पडली तर 7 किंवा 14 दिवसांचं मॉनिटर, कारण 24 तासांत बरंच निसटतं. नुसत्या छोट्या रनवर रक्त पातळ करणारी गोळी सुरू करत नाहीत. चुकीच्या शिक्क्यावर मात्र ती सुरू होते, आणि मग रक्तस्रावाचा धोका फुकटचा.

छातीवरचे केस काढून, कातडी पुसून कोरडी करून इलेक्ट्रोड लावायला तुम्ही पाच मिनिटं जास्त घेता. घेत राहा. पेशंट कुरकुरले तर आमचं नाव सांगा.

आपले,
हृदयविकार विभागातले डॉक्टर