अ‍ॅडम्स यांची एका ओळीत बोळवण

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांच्या परराष्ट्रनीतीवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. वॉशिंग्टन यांची तटस्थता आणि जेफरसन यांनी केलेली लुइझियाना या उत्तर अमेरिकेतील विस्तीर्ण फ्रेंच प्रदेशाची खरेदी यांवर भरभरून लिहिताना जॉन अ‍ॅडम्स यांची एका ओळीत बोळवण केली, हे खटकले. १७९८ पासून फ्रान्सशी समुद्रात अघोषित युद्ध जुंपले होते. अ‍ॅडम्स यांनी माजी अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्यासारख्या स्वपक्षीयांचा रोष पत्करून पुन्हा दूत धाडले. १८०० मध्ये तह झाला. निवडणूक मात्र हातची गेली. हे वैर तसेच धुमसत राहिले असते, तर नेपोलियनने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना लुइझियाना विकला असता का? फ्रान्सशी शांततेची जबाबदारी आपण घेतली, एवढेच आपल्या थडग्यावर कोरावे, असे अ‍ॅडम्स यांनी १८१५ मध्ये एका पत्रात लिहिले होते.

– एक वाचक, सातारा