‘ओके’ आला बोस्टनहून

संपादक महोदय,

‘ओके’ हा शब्द ग्रीकमधून किंवा युद्धातल्या ‘झिरो किल्ड’ (एकही ठार नाही) यावरून आला, अशा कहाण्या अजूनही हौसेने पसरवल्या जातात. वाईट वाटते, कारण पुरावा छापील आहे. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या अमेरिकी वृत्तपत्राने ‘ऑल करेक्ट’चे स्पेलिंग मुद्दाम चुकवून (‘oll korrect’) ही आद्याक्षरे वापरली. तेव्हा अशा लघुरूपांची लाटच होती. बाकीची बहुतेक विरली. हे तगले, कारण १८४० च्या अमेरिकी निवडणुकीत, मूळचे किंडरहूक गावचे असलेले राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून तेच उचलले. अमेरिकी भाषा-अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वृत्तपत्रे चाळून १९६० च्या दशकात हे दाखवून दिले. आज त्यात होकार, मंजुरी, ‘ठीकठाक’, ‘बरं, मग?’ असे सगळेच मावते. रीड यांचे हे संशोधन शाळेत इंग्रजीच्या तासाला जरूर सांगावे.

– एक वाचक, सांगली