पणजीच्या उकाड्यात काय लावायचं?

फोंडा, गोवा
२० एप्रिल

प्रिय सुहास,

बदली पणजीला झाली, फार बरं झालं. घराचं बघतोच आहे. पण ऑफिसला जाताना सेंट कुठला लावू, हे जे तू विचारलंयस त्याचं उत्तर घरापेक्षा सोपं आहे: ४७११ घे.

निळ्या-सोनेरी लेबलाचं कोलन, म्हणजे हलकं सेंट. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या ग्लोकेनगासे गल्लीतल्या एका घराचा हा क्रमांक; कंपनी आपला जन्म १७९२चा सांगते. एवढं खानदान असूनही खिशाला परवडतं.

लिंबू, संत्रं, बर्गामोट हे लिंबाच्याच जातीचं सुवासिक फळ, जरासं लव्हेंडर-रोझमेरी आणि कडू संत्र्याच्या फुलांचं नेरोली. तासाभरात उडून जातं, अशी तक्रार ऐकशील. उडणारच! लिंबूवर्गीय तेलं असतातच उडती, आणि कोलनमध्ये सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्केच. बाकी अल्कोहोल आणि पाणी. पण आमच्याकडे मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही रे. टिकून राहणारा वासच मग नको होतो. तुझा लाडका ओल्ड स्पाइस १९३८चा, मान आहेच त्याला, पण ती लवंग-दालचिनी पुण्याच्या डिसेंबरात ठीक. इथं भर दुपारी भरलेल्या बसमध्ये शेजारी बसलेल्याचाही विचार कर. १९६४च्या ब्रूट या सेंटचं थोडंफार तसंच.

हे फुसफुस मारायचं नाही. तळहातावर घ्यायचं आणि मानेला, मनगटांना चोळायचं, जेवणानंतर पुन्हा. स्वस्त असल्यामुळे हात आखडायला नको. उन्हात फिरणार असशील तर मात्र रुमालावर घे. बर्गामोटच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, त्यानं उन्हात कातडीवर डाग पडू शकतात. हल्ली बहुधा ते काढलेलं तेल वापरतात, तरी सांभाळलेलं बरं.

आणि कुणी जुनी, पडून राहिलेली बाटली ‘व्हिंटेज’ म्हणून पुढे केली तर भुलू नकोस. उष्णतेनं आणि उजेडानं लिंबाचाच वास आधी बिघडतो. कृती जुनी, बाटली ताजी, असं घे. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेव.

ऑगस्टात म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा असते, तेव्हा जाऊच. त्या दिवशी कोलन घरी ठेवायचं. जाईच्या ढिगाऱ्यापुढे त्याची काय मिजास!

घर पणजीतल्या मळा भागात बघू की पर्वरीला? वहिनींना विचारून लगेच कळव. घरमालक जास्त दिवस थांबायचे नाहीत.

तुझा,
दत्ता