शमू, झोपलास का?

कोल्हापूर
ईस्टरनंतरचा गुरुवार

चि. शमूस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मंगळवारी पहाटे तुला स्टँडवर सोडून घरी आलो, तर कांदा-लसूण चटणीचा डबा फ्रिजवर तसाच. आईने आदल्या रात्री मुद्दाम तुझ्या डोळ्यांसमोर ठेवला होता. बंडूकाका शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. आंबे आत्ताच नाहीत, जुन्या घरच्या झाडाला अजून महिना तरी आहे.

काल फोनवर मी ऊन, गॅसचा नंबर आणि तुझ्या गाडीचा विमा एवढंच बोललो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "जे विचारायचं होतं ते राहिलंच की." म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर रूथताईला फोटो पाठव, तिला माझं अक्षर लागतं.

तुझी झोप कशी आहे?

रविवारी रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा तू गॅलरीत आजीच्या खुर्चीवर बसला होतास. हातात मोबाईल असता तर मला एवढं काही वाटलं नसतं. तू नुसता बसला होतास, समोरच्या दुकानाच्या शटरकडे बघत. मी तांब्या ठेवला, आवाज झाला, तू वळून पाहिलं नाहीस. आणि मी आत येऊन पडलो. बाहेर येऊन शेजारी बसायला हवं होतं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नाही बसलो. त्याच दिवशी पहाटे दफनभूमीत आजीच्या कबरीजवळ सगळे पुनरुत्थानाचं गीत म्हणत होते आणि तू गप्प उभा होतास, तेही मी पाहिलं होतं. आजीची आठवण येत असेल, असं मनाला समजावलं.

मग सोमवारचं जेवण. तुझ्या ताटातला तांबडा रस्सा गार झाला. आईने शिफ्टचं विचारलं, तर तू म्हणालास, सकाळची काय नि रात्रीची काय, उठायचं कशासाठी तेच कळत नाही. प्रार्थनेला बसलो तरी भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आणि मी काय म्हणालो? "दर रविवारी उपासनेला गेला असतास तर ही वेळ आली नसती." तू हात धुऊन उठलास.

ते वाक्य मी परत घेतो. ते भीतीने आलं होतं. माझ्या तोंडून भीती नेहमी रागासारखी बाहेर पडते, आईला विचार.

आणि ते खरंही नव्हतं. मी कधी उपासना चुकवली नाही, दोनदा चर्चच्या पंच कमिटीत निवडून गेलो, आणि तरी माझ्यावर ती वेळ आली होती. तुला कधी सांगितलं नाही. २००९ साली, तू नऊ वर्षांचा होतास. मंदीत गाड्यांच्या ऑर्डरी थांबल्या, उद्यमनगरातल्या कितीतरी भट्ट्या आठवड्यातून दोन-तीनच दिवस पेटायच्या. नवीन काम नाही तर नवीन पॅटर्न, ओतकामाचे लाकडी नमुने, कोण करून घेणार? मी घरी बसून पटाश्यांना धार लावायचो, तुला वाटायचं पप्पा सुट्टीवर आहेत.

त्या दिवसांत डोक्यात एकच चक्र फिरायचं. मी उभ्या आयुष्यात घडवलेली एकही वस्तू कुठल्या पंपात, कुठल्या ट्रॅक्टरात बसलेली नाही. पॅटर्नचं तसंच असतं. चांगलं मुरलेलं सागवान घ्यायचं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून मीटरमागे १० मिलिमीटर जास्तीचे धरायचे. वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा, मग हाताला गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिशपेपर मारत बसायचं. एवढं करून मोल्डर तो वाळूत दाबतो आणि काढून घेतो. राहिलेल्या पोकळीत रस ओततात. बीड गावोगाव जातं, लाकूड माळ्यावर जातं. मला वाटायचं, आपलीही जागा माळ्यावरच. रात्री झोप यायची नाही. मीसुद्धा त्याच गॅलरीत बसायचो, शमू. रविवारी चर्चमध्ये गीताच्या वेळी नुसते ओठ हलवायचो. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले. मनापासून केली त्यांनी, पण मला काही झालं नाही. आठ महिने असेच गेले.

आजीने त्या आठ महिन्यांत मला एकदाही विचारलं नाही की तुझ्या विश्वासाचं काय झालं. तुला तिची गुरुवारची फेरी आठवत असेल. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्यात ती आया होती, तिची आईही तिथेच. रिटायर होऊन कोल्हापूरला आली तरी तिचे पाय वॉर्डाकडेच वळायचे. दर गुरुवारी भाकरी-झुणका बांधून इथल्या सीपीआर दवाखान्यात न्यायची, पेशंटच्या उशाशी बसलेल्या खेड्यापाड्यातल्या माणसांसाठी. एका गुरुवारी येऊन म्हणाली, "ऊठ. पिशवी जड झालीया, मला झेपंना." मी गेलो. पुढे कळलं, तिने त्या दिवशी पाण्याच्या चार बाटल्या मुद्दाम जास्तीच्या भरल्या होत्या.

जिन्यात राधानगरीकडचा एक माणूस बसला होता. बायको आत, दोन दिवस पोटात काही नाही. मी भाकरी दिली, त्याने खाल्ली. झुणक्यात मीठ कमी आहे म्हणाला. बस, एवढंच. मला काही साक्षात्कार झाला नाही, मंडळीत उभं राहून साक्ष द्यावी असं काही घडलं नाही. फक्त त्या रात्री मी चार वाजेपर्यंत झोपलो. पुढच्या गुरुवारी मीच पिशवी उचलली.

बऱ्याच महिन्यांनी, कामं परत सुरू झाल्यावर, आजीने मला बायबलातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचून दाखवायला सांगितला. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं असं नाही, मला वाचायला लावायचं होतं. एलीया, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देव त्याला काय सांगतो? आधी काहीच नाही. झोपू देतो. मग दूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवलेला असतो. तो खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खा म्हणतो, तुला लांबचा पल्ला आहे. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने एलीयाला विचारला तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावरच्या गुहेत. मी तुला तो पहिल्याच दिवशी, भरल्या ताटावर विचारला.

तुला एलीयासारखं मरण मागावंसं वाटतं का? हे लिहिताना पेन थांबलं होतं. पण विचारतोच. वाटत असेल तर मला सांग. मी ओरडणार नाही, रडलो तर आत जाऊन रडेन. मला सांगायला जड जात असेल तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलि-मानस सेवा आहे, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलतात. रूथताईने हा नंबर मला मंगळवारीच दिला, मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. आणि चांगल्या डॉक्टरला दाखव. विश्वासणाऱ्याने असल्या डॉक्टरकडे जायचं नसतं असं कुणी सांगितलं, तर त्याला आजीचा दवाखाना सांग. तिथे ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थना झाली म्हणून कुणी ऑपरेशन सोडलं नाही. पैशाचा विचार करू नकोस.

रात्री दहानंतर लॅपटॉप बंद कर. चहा पाचनंतर नको. सकाळी थोडं चालत जा, बायबल उशाशी असू दे, एक स्तोत्र तरी वाचून बाहेर पड, आणि हिंजवडीहून जवळ एखादी मराठी मंडळी असेलच, रविवारी तिथे

बघ, पुन्हा सुरू झालो. पंच कमिटीचं भाषण. माफ कर. खोडत नाही, कारण त्यातली झोपेची वाक्यं मला हवी आहेत, बाकीची वगळून वाच.

पण एक गोष्ट मला खरंच सांगायची आहे आणि ती मला नीट सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचं वचन तुला पाठ आहे, यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे. दरवर्षी नवीन कॅलेंडर येतं, वचन तेच असतं. मी वीस वर्षं ते असंच वाचलं, की म्हणजे आता लवकरच काहीतरी चांगलं होणार. त्या अध्यायाची सुरुवात मी बघितलीच नव्हती. ते पत्र आहे, शमू. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पहिल्यासारखं होईल. लोकांना तेच ऐकायचं असतं. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. एवढं सांगून झाल्यावर मग ते कॅलेंडरवरचं वचन येतं.

तुला तुझ्या आयुष्याचा हेतू हवाय, तो एखाद्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून समोर येईल असं तुला वाटतंय, आणि येत नाही म्हणून तू रात्री शटर बघत बसतोस. मला तसा कधी मिळाला नाही. मला मिळाली ती पिशवी. आई सांगते, तुझ्या खोलीला तीन वर्षांत पडदे लागलेले नाहीत. पडदे लाव. एक कुंडी आण, तुळस लाव, मिरची लाव, काहीही. शेजारच्या खोलीतल्या मुलाचं नावही तुला सांगता आलं नाही, त्याचं नाव विचार. देव बोलत नाही असं वाटलं तरी त्याच्याशी भांडत राहा, स्तोत्रांत अर्धं भांडणच आहे. आणि आनंदाचं म्हणशील, तर पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करा असं लिहिलं, तेव्हा तो बेड्यांत होता. आजी ऐन चाळिशीत विधवा झाली. ती तांदूळ निवडताना गायची ते तुला आठवतं. ते सगळं बरं चाललंय म्हणून नव्हतं. कशामुळे होतं, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मलाही पुरतं कळलेलं नाही, पण मी ते घरात राहून चाळीस वर्षं ऐकलंय.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो? ४३ फुटांची धोक्याची पातळी, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरीत पाणी, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. तू एकोणीस वर्षांचा. कमरेएवढ्या पाण्यातून लोकांची पोरं खांद्यावर घेऊन येत होतास, जेवणाची पाकिटं वाटत होतास. मी तुला शोधत चर्चमध्ये आलो, तर तू मागच्या बाकावर पालथा पडलेला, पाय चिखलाने माखलेले, तोंड उघडं. घोरत होतास. भोवती पन्नास माणसं, भांडी, रडणारी लेकरं, आणि तू घोरत होतास. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मी तुझं कौतुक कधी तोंडावर केलं नाही, त्या दिवशीही नाही. चादर टाकली आणि आलो.

तसा झोपतोस का रे आता?

तुझं नाव शमुवेल ठेवलं ते आजीने. पाच वर्षांचा असशील, संडे स्कूलमध्ये ती गोष्ट सांगितली होती, रात्री मंदिरात झोपलेला लहान शमुवेल हाक ऐकून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावत जातो. त्या रात्री तू आमच्या खाटेजवळ आलास. "पप्पा, हाक मारलीत?" मी म्हणालो, नाही रे, जा निज. थोड्या वेळाने परत आलास, मी परत तेच म्हणालो. तिसऱ्यांदा आलास तेव्हा मी वैतागून कूस बदलली, आणि आईने तुला मध्ये घेतलं. गोष्टीतल्या एलीला तिसऱ्या खेपेला तरी कळलं होतं.

रात्री जाग आली तर फोन कर. अडीचला कर, तीनला कर. बोलायला काही नसलं तरी कर, मी गॅस नि विम्याचं बोलेन. फोन आता उशाशी ठेवतो, आवाज पूर्ण वाढवलाय, आई ओरडते तरी.

तुझा,
पप्पा

ता. क. बंडूकाकाला डबा रिकामा करूनच परत दे, आईचा मोजका आहे. आणि चटणीबरोबर जो कापडाचा गठ्ठा आहे तो पडद्यांचा. तुझ्या खिडकीचं माप आईने फोटोवरून अंदाजाने धरलंय. मी चार बोटं जास्तीची ठेवायला सांगितली, कापडही आटतं.