बाभळीचे दरवाजे: तारीख बघायची की पाणी?

मा. संपादक,
स.न.

दरवर्षी 1 जुलैला गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे 14 दरवाजे वर गेले की संध्याकाळी दाजींचा फोन ठरलेला. "सोडलं का रे आमचं पाणी?" थोरली बहीण पलीकडे तेलंगणात, बासरकडे दिलीय. धर्माबाद भागात अशी सोयरीक घरोघरी. चेष्टाच ती, पण त्या 'आमचं'वर मी दरवेळी अडतो.

बंधारा आमच्या तालुक्यात, पैसा महाराष्ट्राचा, साठा 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट). 1975च्या आंध्रबरोबरच्या करारात पैठणच्या खाली नव्या वापरासाठी महाराष्ट्राला जे 60 टीएमसी मिळाले, त्यातलंच हे पाणी. तरी तेव्हाचं एकत्र आंध्र कोर्टात गेलं, कारण बंधारा त्यांच्या पोचमपाड धरणाच्या (आता तेलंगणात) फुगवट्यात, म्हणजे धरण भरलं की मागे पाणी चढतं त्या पट्ट्यात येतो. 2010मध्ये चंद्राबाबू नायडू मोर्चा घेऊन आले, धर्माबादला अटक झाली. शेवटी 28 फेब्रुवारी 2013ला सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राखला, पण अटी घालून: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, शिवाय 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं.

आता नदी काही कॅलेंडर बघून येत नाही. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तोवर पूर कधीच निघून गेलेला असतो. परतीच्या पावसाने दगा दिला की संपलंच. मग फूटव्हॉल्व्ह पाण्यात राहावा म्हणून आम्ही पाइपाला तुकडे जोडत जोडत पात्रात उतरतो. हरभऱ्याचं दुसरं पाणी होतं, तिसऱ्याला मोटार नुसती हवा ओढते. उलट चांगल्या सालात सप्टेंबरातच पोचमपाड भरून खाली पाणी सोडलं जातं, तेव्हाही आमचे दरवाजे वरच! तेव्हा पावणेतीन टीएमसी अडवलं तर कुणाचं काय बिघडणार?

तेलंगणाची भीती मला कळते. आपण नाशिक-नगरला हेच ऐकवतो ना, वरच्या धरणांमुळे जायकवाडी रिकामं राहतं म्हणून. तिथेही दरसाल कोर्टकज्जे होतात, पण निदान 15 ऑक्टोबरचा साठा बघून वरून किती सोडायचं ते ठरतं. इथे साठा कुणी बघतच नाही.

मध्यंतरी सीमेवरच्या काही गावांनी तेलंगणात जायची मागणी केली, तेव्हा मुंबईला थोडी जाग आली. (ती काही तेलंगणाच्या प्रेमापोटी नव्हती. पलीकडे शेताला फुकट वीज आणि एकरी पैसे दिसत होते.)

न्यायालयाने नेमलेल्या समितीत केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यांची माणसं आहेतच. पोचमपाड भरलं की 28 ऑक्टोबरची वाट न बघता दरवाजे टाकायची मुभा या समितीला द्या, एवढीच विनंती दोन्ही सरकारांनी मिळून न्यायालयाला करावी. एकट्या महाराष्ट्राने अर्ज केला तर पुन्हा तारखांवर तारखा.

दाजींना हे सांगून पाहिलं. म्हणाले, "भरल्यावर धरा की, आमचं काय जातंय!"

– एक शेतकरी, ता. धर्माबाद, जि. नांदेड