ट्रंकेतला पास

आई, बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की बाबा दोन मिनिटांत "ठेवू का" म्हणतात, म्हणून लिहितेय. रविवारी एमएच्या क्लासला जाते ना मी, या वयात कशाला म्हणून आईनं नाक मुरडलेलं तेच, तर मागच्या रविवारी कॅनडा होता. तिथल्या मूळ लोकांची दीड लाख पोरं घरातून काढून निवासी शाळांत घातली, आपली भाषा बोलली की मार. शेवटच्या शाळा 1990 नंतर बंद झाल्या, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा! सगळे हळहळले, मीपण. मग मॅडम म्हणाल्या, 1885 पासून त्यांना वस्तीबाहेर जायचं तर सरकारी एजंटाच्या सहीचा पास लागायचा, आणि मला एकदम आपली ट्रंक दिसली.

बाबा, आजोबांचा तो पिवळा कागद, अंगठ्याचा ठसा असलेला. मी विचारलेलं तेव्हा तुम्ही "मिलचा गेटपास" म्हणालात. मिलचा नव्हता ना?

इतिहासात मी पहिली यायचे, 1757, 1818, 1857 तोंडपाठ. 1871 कुणी शिकवलंच नाही. अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार, असा कायदा, आधी उत्तरेत आणि मग आपल्यापर्यंत आला, सोलापुरात तारेच्या आत सेटलमेंट, रोजची हजेरी. देशभरातून तो जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडलं. तुमचा जन्म 1944 चा, म्हणजे तुम्ही तारेच्या आत जन्मलात आणि मला हे पुण्यात फळ्यावरून कळतंय. राग नाहीये. म्हणजे आहे थोडा.

आजी रात्री कडी लावायच्या आधी एकेकाचं नाव घ्यायची आणि आम्ही गोधडीतून "हाय जी!" ओरडायचो, आठवतंय? आम्हाला खेळ वाटायचा तो.

पण तुम्हाला काय बोलू, इथे कुणी विचारलं सोलापुरात कुठे, तर मी सात रस्ता सांगते. वीस वर्षं झाली सांगतेय.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येते. आई, दिवाळीची साफसफाई काढलीच असशील तर ट्रंकेला हात लावू नकोस, नाहीतर जुने कागद म्हणून बंबात घालशील. आणि बाबा, त्या दिवशी टीव्ही बंद, चहा मी करते, तुम्ही फक्त बोला.

तुमची
बेबी