कॅमेऱ्याच्या सॉकेटवर केबलचा ताण नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की वाई-मेणवलीच्या घाटांवर आणि कोकणच्या किनाऱ्यांवर मालिका-चित्रपटांचे बाह्यचित्रीकरण वाढते. पाठोपाठ लग्नसराई येते आणि मंगल कार्यालयांत थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे उभे राहतात. कॅमेरा, लेन्स, दिवे यांची यादी सगळेच काटेकोरपणे करतात. केबल कशी बांधायची, कशाला बांधायची आणि कोणत्या क्रमाने जोडायची हे मात्र कुठल्याच यादीत नसते. सैल जोडणीमुळे शॉट वाया जातो, कधी महागडा बोर्ड जळतो, आणि हे बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. म्हणून निर्माते, भाड्याने सामान देणारे, लग्नाचे चित्रीकरण करणारे आणि कार्यालयांचे चालक या सर्वांसाठी हे पत्र लिहीत आहोत.

मूळ नियम एकच आहे. केबल ओढली गेली तर तो ताण केजवर (कॅमेऱ्याभोवती बसवलेल्या धातूच्या चौकटीवर), ट्रायपॉडवर किंवा जमिनीवर यावा, सॉकेटवर कधीही येऊ नये.

सर्वांत जास्त त्रास एचडीएमआयचा, म्हणजे कॅमेऱ्यातून मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या नेहमीच्या जोडणीचा. या प्लगला खटका नसतो, तो फक्त घर्षणावर टिकून राहतो. नेहमीच्या मोठ्या प्लगचे तोंड सुमारे १४ मिलिमीटर रुंद असते, लहान मिररलेस कॅमेऱ्यांवरच्या मायक्रो प्लगचे जेमतेम ६. पिना दोन्हीत १९च. एवढ्याशा तोंडाला जाड केबल लटकते आणि कॅमेरा पॅन होताना (आडवा फिरताना) तीच तरफेसारखे काम करते. मग दोन गोष्टी घडतात. प्लग अर्धा मिलिमीटर सरकला तरी चित्र जाते, आणि ते परत येताना कॅमेरा व मॉनिटर यांना सिग्नलची जुळणी नव्याने करावी लागत असल्याने काही सेकंद पडदा काळाच राहतो. बाहेरचा रेकॉर्डर असेल तर बहुधा क्लिप तिथेच तुटते. दुसरी गोष्ट अधिक महागाची: सॉकेट थेट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेले असते, वारंवार हिसके बसले की डाग सुटतो किंवा बोर्डावरचा तांब्याचा पट्टाच उचकटतो. अशा वेळी नुसते सॉकेट बदलून भागेलच असे नाही.

यावर उपाय केबल क्लॅम्प. तो केजला स्क्रूने बसतो आणि प्लगच्या प्लास्टिकच्या भागाला धरतो. विकत घेण्याआधी आपल्या केबलच्या प्लगची जाडी मोजावी, कारण सगळे क्लॅम्प सगळ्या प्लगना बसत नाहीत. प्लग आधी पूर्ण आत दाबावा, मगच क्लॅम्प आवळावा. उलटे केले तर प्लग थोडा बाहेर असतानाच पक्का होतो. प्लग हलायचा थांबला की आवळणे थांबवावे. जास्त जोर दिला तर क्लॅम्पच प्लगला वाकडे करून सॉकेटवर कायमचा ताण देतो. क्लॅम्पनंतर १०–१५ सेंटिमीटरचा ढिला वळसा ठेवून केबल केजला दुसऱ्या ठिकाणी वेल्क्रोने बांधावी. हा दुसरा बांधच खरा हिसका झेलतो, आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात. काही कॅमेऱ्यांच्या खोक्यात कंपनीच केबल धरण्याचा छोटा भाग देते. सोनीच्या ए-सेव्हन मालिकेतील अनेक कॅमेऱ्यांबरोबर आणि पॅनासॉनिकच्या जीएच-५बरोबर तो येतो. भाड्याच्या दुकानांत तो खोक्यातच पडून राहतो, कॅमेऱ्याबरोबर सेटवर पोचत नाही.

मायक्रो एचडीएमआयच्या कॅमेऱ्याला आणखी एक गोष्ट अवश्य करावी. एका टोकाला मायक्रो प्लग आणि दुसऱ्या टोकाला मोठे सॉकेट असलेली वीतभर केबल घ्यावी आणि ती केजवर कायमची बसवून टाकावी. रोजचे लावणे-काढणे त्या मोठ्या सॉकेटवर होईल. झिजली तर ती केबल झिजेल, कॅमेरा नाही. काटकोनी अडॅप्टर मात्र टाळावेत. कडक अडॅप्टरने तरफ लांब होते आणि सॉकेट आणखी लवकर ढिले पडते.

एसडीआय ही चित्र नेणारी दुसरी, व्यावसायिक कॅमेऱ्यांवरची जोडणी. तिचा बीएनसी नावाचा गोल प्लग यापेक्षा पुष्कळ भरवशाचा, कारण त्याला फिरवून बसणारे कुलूप असते. पण ते बसले आहे याची खात्री हाताने करावी लागते. प्लग आत दाबून कडे पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवले की दोन्ही खुंट्या खाचेत बसल्याचे बोटांना जाणवते. अर्धवट फिरवलेला प्लग बघायला बसल्यासारखाच दिसतो आणि पहिल्या हिसक्याला सुटतो. म्हणून बसवल्यावर प्लगच्या अंगाला धरून (केबलला नव्हे) हलका ओढून बघावा. व्हिडिओसाठी ७५ ओमचीच (ओम हे विद्युत अवरोधाचे माप) केबल आणि ७५ ओमचाच प्लग हवा. ५० ओमच्या प्लगमध्ये मधल्या पिनेभोवती पांढरे प्लास्टिक दिसते, त्यावरून तो ओळखता येतो. सीसीटीव्हीची स्वस्त केबल कमी अंतरावर चालून जाते आणि लांब ओढली की चित्रात चमकारे सुरू होतात. दोष कॅमेऱ्यावर जातो.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा मुद्दा. मॉनिटर किंवा वायरलेस ट्रान्समीटरला बॅटरीच्या डी-टॅपमधून (बॅटरीवरच्या दोन पिनांच्या वीज-सॉकेटमधून) वीज देतात आणि चित्र एसडीआयने. डी-टॅपलाही खटका नसतो. त्याची ऋण बाजू क्षणभर सुटली तर मॉनिटरमधून परत येणारी वीज दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे एसडीआयची केबल. त्यात बीएनसी पूर्ण बसलेला नसेल तर केबलमधल्या बाहेरच्या धातूच्या जाळीऐवजी मधल्या पिनेवरूनच हा विद्युतदाब कॅमेऱ्यात शिरतो. एसडीआयचा सिग्नल ८०० मिलिव्होल्टचा असतो. त्याच्या चिपवर १४ व्होल्ट आले की ती तत्काळ जळते. कॅमेरा चालू राहतो, रेकॉर्डही करतो, फक्त एसडीआय कायमचे मरते, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनीच याबद्दल सूचना काढलेल्या आहेत. क्रम असा: जोडताना आधी वीज, मग एसडीआय. काढताना आधी एसडीआय, मग वीज. बॅटरी बदलतानाही हाच क्रम, आणि नेमकी तेव्हाच घाई असते. डी-टॅपची मूठ वेल्क्रोच्या पट्टीने बॅटरी प्लेटला आवळून ठेवावी. कुलूपवाला दोन पिनांचा आउटपुट उपलब्ध असेल तर डी-टॅपऐवजी तोच वापरावा. काही हलक्या प्रतीचे डी-टॅप प्लग जोर लावल्यास उलटेही बसतात, तेव्हा वरची बाजू पांढऱ्या रंगाने खुणावून ठेवणे बरे.

आवाजाचे थोडक्यात. एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनांच्या गोल प्लगला) खटका असतो, तो वाजेपर्यंत दाबावा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेला नसतो, आणि ती एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकली की एक चॅनेल जातो किंवा घुरघुर येते. वायरलेस माइकच्या ट्रान्समीटरकडच्या पिनेला अनेकदा फिरकीचे कुलूप असते, पण कॅमेऱ्याकडची पिन मोकळीच असते. तिलाही क्लॅम्प किंवा वेल्क्रोचा बांध द्यावा आणि उघडणारा स्क्रीन तिच्यावर आपटत नाही ना हे पाहावे.

ट्रायपॉडवर केबल हँडलला गुंडाळू नये. कॅमेऱ्याखालून ती सरळ खाली सोडावी, ट्रायपॉडच्या डोक्याजवळ पूर्ण पॅन आणि टिल्टला (वर-खाली झुकवण्याला) पुरेल एवढा ढिला वळसा ठेवावा आणि मग पायाला जमिनीजवळ बांधावी. गिंबलवर (मोटरींनी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या साधनावर) जाड केबल चालतच नाही. पातळ, मऊ केबल घेऊन तिन्ही अक्ष हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावेत आणि त्यानंतरच बांध आवळावेत. केबल एका जागी जरी ताणली तरी मोटर तिच्याशी झुंजत राहते आणि चित्रात बारीक थरथर येते.

जमिनीवरची केबल वाटेला आडवी, सर्वांत कमी अंतराने ओलांडावी आणि तिथे तिच्यावर गॅफर टेप (चित्रीकरणात वापरतात ती कापडी टेप) लांबीने लावावी. पॅकिंगची तपकिरी टेप लावली की केबल चिकट होते आणि पुढच्या चित्रीकरणात माती धरते. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा घाटाच्या ओल्या दगडावर कुठलीच टेप टिकत नाही. तिथे वाळूच्या पिशव्या आणि रबरी पायपोस वापरावेत. केबलचा सांधा कधीही वाटेत येऊ देऊ नये, आणि दोन केबली जोडताना आधी त्यांची सैल गाठ मारून मग प्लग जोडावेत. कोणाचा पाय अडकला तर ओढ गाठीवर जाते.

समुद्रकिनारी खाऱ्या हवेने प्लगवर पांढुरका थर धरतो. संध्याकाळी कोरड्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टोपणे लावावीत. पावसात सांधा प्लास्टिकने गच्च गुंडाळला तर आतच ओल धरते. त्याऐवजी सांध्यावर प्लास्टिकची पिशवी तोंड खाली ठेवून बांधावी, आणि केबल सांध्याकडे वर चढण्याआधी एकदा खाली झुकू द्यावी, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. वीजपुरवठ्याच्या केबलला हे पुरेसे नाही. तिचे सांधे जमिनीपासून उचलून आडोशालाच हवेत.

केबल कोपरावर गुंडाळण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती घातक आहे. प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो, आतली तार सरकते आणि प्लगच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर ती तुटते. एक फेरा वरून, पुढचा खालून, असे आलटून पालटून गोळा केले तर पीळ एकमेकांना मारतात. वळसा कधीही केबलच्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान त्रिज्येचा नसावा. सकाळी रेकॉर्ड चालू करून प्रत्येक प्लगच्या मागची केबल बोटांनी हलवून मॉनिटर बघावा. चित्र जरा जरी लुकलुकले तर ती केबल बाद. तिला लाल टेप लावून वेगळ्या पिशवीत टाकावी, म्हणजे ती चुकून परत वापरात येत नाही. नाहीतर तीच केबल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या युनिटच्या गळ्यात पडते.

आमची मागणी साधी आहे. भाड्याने कॅमेरा देणाऱ्यांनी क्लॅम्पसह केज, प्रत्येक केबलची एक जादा प्रत आणि वीज-एसडीआयचा क्रम लिहिलेली पट्टी हे सामानाच्या यादीतच छापावे. क्लॅम्पचा खर्च दुरुस्तीच्या मानाने नगण्य आहे. निर्मात्यांनी खर्च कापताना कॅमेरा अटेंडंटवर कात्री चालवू नये, कारण हे सगळे पाहणारा माणूस तोच. लग्नघरच्यांनी मुहूर्ताच्या निदान तासभर आधी केबल टाकायला सभागृह मोकळे द्यावे आणि खुर्च्यांचे पाय केबलवर रोवू नयेत. मंगल कार्यालयांच्या चालकांना आणखी एक विनंती: नव्याने फरशी बसवताना स्टेजपासून सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत किमान ५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप गाडून घ्यावा, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या त्रिज्येची वळणे द्यावीत, विजेच्या तारांसाठी वेगळा पाइप ठेवावा आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवावी, म्हणजे कोणत्याही युनिटला आपली केबल फरशी न उकरता ओढून घेता येईल.

आपले,
चित्रीकरणाच्या कॅमेरा विभागात काम करणारे काही सहकारी, सातारा